पट्टा, पाना आणि पांढरपेशे

मोटारीच्या इंजिनावरचा पट्टा घरच्या घरी, स्वतःच्या हाताने बदलता येतो. तो तसा बदलावा. आणि ज्याला मराठीचे प्रेम आहे, त्याने तर नक्कीच बदलावा. पहिल्या दोन विधानांपर्यंत माना हलवणारे वाचक तिसऱ्यापाशी थबकतील. "पट्ट्याचा आणि मराठीचा काय संबंध?" असे विचारतील. मला आज भांडायचे आहे ते याच प्रश्नाशी.

आधी पट्टा म्हणजे काय ते सांगतो, कारण भांडण हवेत नको. बॉनेट उघडले की इंजिनाच्या एका बाजूला तीन-चार चाके दिसतात. त्यांना आपण पुली म्हणतो. सर्वात खालची पुली इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, म्हणजे क्रँकशाफ्टवर बसवलेली असते. ती फिरली की तिच्यावरून गेलेला काळा रबरी पट्टा बाकीच्यांना फिरवतो. एक पुली अल्टरनेटरची. अल्टरनेटर वीज तयार करतो, बॅटरी भरतो. बहुतेक गाड्यांत दुसरी पुली पाण्याच्या पंपाची. तो इंजिनाभोवती पाणी खेळवतो आणि इंजिन तापू देत नाही. तिसरी एसीच्या कॉम्प्रेसरची. जुन्या पद्धतीचे पॉवर स्टिअरिंग असेल तर चौथी त्याच्या पंपाची. काही गाड्यांत एकच लांब पट्टा सगळ्यांवरून नागासारखा वळत जातो, काहींत दोन छोटे पट्टे असतात. सगळा मामला एवढाच.

या पट्ट्याला आपल्याकडे अजून सर्रास 'फॅन बेल्ट' म्हणतात. खरे तर छोट्या गाड्यांत रेडिएटरचा पंखा पट्ट्यावर फिरायचा बंद होऊन जमाना झाला. अँबॅसिडर आणि पद्मिनीत पंखा पट्ट्यावर होता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिचा पंखा विजेच्या मोटरवर होता. पद्मिनी गेली, २०१४ साली अँबॅसिडर गेली, त्याच वर्षी मारुती ८००सुद्धा गेली, आणि नाव मात्र मागे राहिले. मला यात गैर काही वाटत नाही, उलट बरे वाटते. भाषा कामाशी जोडलेली असली की तिच्यात असा इतिहास साठतो. तक्रार अशी की हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत त्यांना आपण भाषेचे लोक समजत नाही, आणि जे स्वतःला भाषेचे लोक समजतात त्यांच्या तोंडी हे शब्द नाहीत.

आता आपल्या राज्याचा एक आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गोव्यातल्या सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे मोटारगाडी असल्याची नोंद आहे. देशाची सरासरी आठ टक्क्यांच्या आत आहे. म्हणजे घरटी गाडी असण्यात आपण साऱ्या देशाच्या पुढे. आता या ४५ टक्क्यांतल्या शिकल्या-सवरलेल्या मंडळींना विचारा, शेवटचे बॉनेट कधी उघडले होते? बरेच जण सांगतील, वायपरचे पाणी भरायला. काही जण प्रामाणिकपणे सांगतील की बॉनेटची कळ कुठे आहे ते सापडत नाही. पाच-सात लाखांची वस्तू दारात उभी आहे, तिच्यावर बायकामुले घेऊन आपण चोर्ला घाट चढतो, आणि तिच्या पोटात काय आहे याचे कुतूहल नाही! हेच लोक ज्ञानेश्वरीतल्या एखाद्या शब्दाच्या व्युत्पत्तीवर तासभर वाद घालतील. घालावा, मीही घालतो. पण कुतूहल ही वस्तू अशी अर्धी-अर्धी वाटून मिळत नसते.

गेल्या पावसाळ्यात माझी गाडी सकाळी सुरू केल्यावर मिनिटभर किंचाळायची. मग गप्प व्हायची. आपल्याकडच्या पावसात ही तक्रार घरोघरची आहे. दमट हवा, ओला पट्टा, त्यात रस्त्यावरची तांबडी माती. एका सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवली. तिथल्या टापटीप तरुणाने बॉनेटकडे न बघता संगणकाकडे बघितले आणि अंदाजपत्रक काढून दिले. पट्टा, पट्ट्याची मजुरी, 'तपासणी', 'बेल्ट ड्रेसिंग', किरकोळ साहित्य. काही शेकड्यांच्या पट्ट्यासाठी एकूण तीन हजारांच्या आसपास. मी साधा प्रश्न विचारला : हा पट्टा कशाकशाला फिरवतो? त्याने मॅनेजरला विचारले. मॅनेजर म्हणाले, "सर, ते टेक्निशियनला माहीत असणार." टेक्निशियन आत होता आणि ग्राहकांना आत प्रवेश नव्हता. मी अंदाजपत्रकाची घडी करून खिशात घातली, म्हापशाच्या एका सुट्या भागांच्या दुकानात गेलो आणि पट्टा घेऊन घरी आलो. रविवारी सकाळी तो बदलला. दीड तास लागला, त्यातला अर्धा तास शेजाऱ्यांना उत्तरे देण्यात गेला.

शेजाऱ्यांचे प्रश्न मात्र ऐकण्यासारखे होते. कोणीही "कसे करता?" असे विचारले नाही. सगळ्यांनी विचारले, "का करता?" एका भल्या गृहस्थांनी तर अगदी काळजीने सांगितले, "बाब, हें काम तुमचें न्हय." या एका वाक्यात आपल्या समाजाचा अख्खा धडा आहे. त्याच्याकडे मी पुढे येतोच. आधी काम कसे करतात ते सांगतो. 'अशा गोष्टी मराठीत सांगता येत नाहीत' असे म्हणणाऱ्यांना हेच माझे पहिले उत्तर.

इंजिन पूर्ण थंड हवे. किल्ली गाडीत ठेवायची नाही, खिशात ठेवायची. बॅटरीची वजा बाजूची तार सोडवायची, कारण अल्टरनेटरला जाणारी जाड तार थेट बॅटरीला जोडलेली असते आणि पाना तिला लागला तर ठिणगी उडते. मग जुना पट्टा कुठून कसा जातो त्याचे कागदावर चित्र काढायचे. एकच लांब पट्टा असेल तर हे चित्र सोन्याच्या मोलाचे आहे. मोबाईलने फोटो काढलात तरी चालेल, पण चित्र काढताना डोके चालते.

जुन्या पट्ट्याच्या पाठीवर एक खूण छापलेली असते. चार, मग पीके, मग आठशे की नऊशे काहीतरी. पहिला आकडा धारांचा, म्हणजे पट्ट्याच्या आतल्या बाजूला लांबीला धरून जे उंचवटे असतात त्यांचा. 'पीके' हा त्या धारांचा आकार; एका धारेपासून दुसरीपर्यंतचे अंतर ३.५६ मिलिमीटर. शेवटचा आकडा पट्ट्याची लांबी, मिलिमीटरमध्ये. ही खूण जुळली की पट्टा जुळला. दुकानदार जेव्हा "चार लायनीचा की पाच?" असे विचारतो तेव्हा तो हेच विचारत असतो.

पट्टा ताणून धरण्याचे दोन प्रकार. एकात स्प्रिंगचा टेन्शनर असतो. लांब दांड्याचा पाना लावून तो स्प्रिंगच्या विरुद्ध फिरवायचा, पट्टा सैल पडला की एका पुलीवरून उतरवायचा आणि टेन्शनर सावकाश परत सोडायचा. फटकन सोडला तर बोटे चेमटतात. दुसरा प्रकार जुना आणि मला अधिक आवडणारा. यात अल्टरनेटर स्वतःच हलतो. खालच्या बोल्टावर तो झुलतो आणि वरचा बोल्ट एका लांबट खाचेत सरकतो. दोन्ही बोल्ट सैल करायचे, काढायचे नाहीत. अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलला की पट्टा ढिला होऊन हातात येतो. बारा-तेराचा पाना, एक-दोन गोट्या, एवढ्यावर बहुतेक छोट्या गाड्यांचे काम भागते. एसीचा वेगळा पट्टा बाहेरच्या बाजूला असेल तर आधी तो काढावा लागतो.

पट्टा निघाला की घाई करायची नाही. खरी तपासणी इथे आहे, आणि बिलात 'तपासणी' लिहिणारे नेमकी हीच करतात की नाही, देव जाणे. प्रत्येक पुली हाताने फिरवून बघायची. गुळगुळीत फिरली तर बेरिंग ठीक. आतून खरखर आली, किंवा धरून हलवल्यावर पुली डुगडुगली, तर पट्टा बदलून आवाज जायचा नाही. दोष बेरिंगचा आहे. पाण्याच्या पंपाखाली सुकलेल्या पाण्याचे ओघळ दिसतात का बघायचे. पुलीच्या खाचांत बसलेली माती कोरड्या ब्रशने काढायची.

जुन्या पट्ट्याकडेही नीट बघावे. पूर्वीचे पट्टे निओप्रिनचे असत. म्हातारे झाले की त्यांना आडवे तडे जायचे, आणि तडे दिसले की बदला, असा साधा नियम होता. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पट्टे ईपीडीएम नावाच्या रबराचे झाले. त्यांना सहसा तडे जात नाहीत, ते टायरसारखे झिजतात. धारांमधली खाच रुंद होते, पट्टा पुलीत खोल बसतो आणि घसरू लागतो. म्हणून 'तडे नाहीत, म्हणजे पट्टा चांगला' हे जुने शहाणपण आता पुरत नाही. नवा आणि जुना पट्टा शेजारी धरून खाचांवरून नख फिरवा, फरक लगेच कळतो.

नवा पट्टा चढवताना प्रत्येक धार आपापल्या खाचेत बसली पाहिजे. एक धार बाहेर राहिली तर पट्टा काही किलोमीटरांत फाटतो. मग अल्टरनेटर बाहेरच्या बाजूला ओढून धरायचा. त्यासाठी लाकडी दांडका वापरावा. लोखंडी टॉमीने अल्युमिनियमचे अंग फुटू शकते. ताण आला की वरचा बोल्ट आवळायचा, मग खालचा. दोन पुलींमधल्या सर्वात लांब भागावर अंगठ्याने जोरात दाबून बघायचे. साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर दबला पाहिजे. नेमका आकडा गाडीप्रमाणे बदलतो, तो गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकात मिळतो. पट्टा सैल राहिला तर घसरतो, बॅटरी भरत नाही, रबर जळल्याचा वास येतो. फार आवळला तर अल्टरनेटरची आणि पंपाची बेरिंगे अकाली जातात. बॅटरी जोडा, आतली हत्यारे मोजून बाहेर काढा, गाडी सुरू करा आणि हात, ओढणी, नेकटाय, सगळे लांब ठेवून ऐका. दोन-तीनशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासा, कारण नवा पट्टा थोडा बसतो.

आणि त्या 'बेल्ट ड्रेसिंग'बद्दल. गावच्या गिरणीत चपट्या पट्ट्यावर राळ लावताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्या पट्ट्याला ती चालायची. मोटारीच्या धारांच्या पट्ट्याला तेल, साबण, मेण, फवारा, काही लावायचे नसते. आवाज मिनिटभर दबतो, कारण तसाच राहतो, आणि चिकट थरावर तांबडी माती बसते. आवाजाचे कारण शोधायचे तर चालू इंजिनाच्या पट्ट्यावर, हात पुरेसा लांब ठेवून, धारांच्या बाजूने पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर एखादी पुली सरळ रेषेत नाही. आवाज उलट वाढला तर पट्टा घसरतो आहे, ताण कमी आहे. ही परीक्षा फुकट आहे.

आता मर्यादा. इंजिनाच्या झाकणाआड आणखी एक दातेरी पट्टा असतो, टायमिंग बेल्ट. काही इंजिनांत त्याच्याऐवजी साखळी असते. तो पट्टा व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ सांभाळतो. एक दात इकडचा तिकडे झाला तर पुष्कळशा इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो आणि लाखभराचे नुकसान होऊ शकते. तो पहिल्या धड्यात घरी बदलू नये. काही गाड्यांत टेन्शनर नसलेला, स्वतःच ताणला जाणारा पट्टा असतो. त्याला खास हत्यार लागते. काहींत जागाच इतकी अरुंद असते की इंजिनाचा आधार काढावा लागतो. अशा वेळी मेस्ताकडे जावे. कुठे थांबायचे हे ज्याने बॉनेट उघडले त्यालाच कळते. न उघडणाऱ्याला दोन्ही पट्टे सारखेच, आणि म्हणून दोन्हींची भीती सारखीच.

आता आक्षेपांकडे वळतो.

पहिला आक्षेप : "माझा तासाचा दर मेकॅनिकपेक्षा जास्त आहे. मी हे करणे म्हणजे वेळेचा अपव्यय." अहो, ज्या रविवारी सकाळी तुम्ही हा हिशेब मांडता, त्या रविवारी तुम्हाला तासाचे किती पैसे मिळत होते? शिवाय सर्व्हिस सेंटरला गाडी नेणे, ठेवणे, रिक्षा किंवा पायलट करून परत येणे, संध्याकाळी पुन्हा जाणे, बिलासाठी ताटकळणे, हा वेळ कोणाच्या खात्यात? हे गणित वेळेचे नाहीच. ते प्रतिष्ठेचे आहे, वेळेचे कपडे घालून आलेले.

दुसरा आक्षेप अधिक गोड : "आपणच सगळे केले तर त्या गरीब मेकॅनिकने खायचे काय?" हा कळवळा मी गंभीरपणे घेतो, कारण कोपऱ्यावरचे गॅरेज खरोखरच अडचणीत आहे. पण त्याला अडचणीत कोणी आणले? पट्टा स्वतः बदलणाऱ्या चार हौशी लोकांनी नव्हे. सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तके आणि दोष शोधणारी यंत्रे आपल्याच साखळीत कोंडून ठेवणाऱ्या कंपन्यांनी. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी याच कारणासाठी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेर दुरुस्ती केली तर वॉरंटी जाईल, ही धमकीही त्या आदेशात आली होती. कंपन्यांनी अपिले केली आणि प्रकरण कोर्टकचेऱ्यांत रेंगाळले. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळही काढले. मोटारी हा त्यातला एक विभाग आहे. आपल्या मराठी संमेलनांच्या ठरावांत मी हा विषय कधी ऐकला नाही. हक्क म्हटला की आपल्याला पाटीवरच्या अक्षरांचा हक्क आठवतो, पान्याचा आठवत नाही.

मेकॅनिकच्या बाबतीत माझा अनुभव उलटा आहे. ज्याने एकदा स्वतः पट्टा बदलला तो मेकॅनिकशी मालकासारखा बोलत नाही, सहकाऱ्यासारखा बोलतो. मजुरीसाठी घासाघीस करत नाही, कारण आटे गेलेला गंजका बोल्ट काढताना कमरेचे काय होते ते त्याला ठाऊक असते. माझ्या ओळखीचा मेस्त पुलीचा आवाज ऐकून बेरिंग सांगतो. त्याच्या ज्ञानाची किंमत मला कळली ती माझे हात काळे झाल्यावर.

तिसरा आक्षेप : धोका. धोका आहेच. पण नारळावर चढणाऱ्या पाडेल्याला तुम्ही खालून सूचना देता तेव्हा धोका आठवत नाही. थंड इंजिन, सुटलेली बॅटरी आणि खिशातली किल्ली, या तीन गोष्टी पाळल्या तर या कामात मुख्य धोका बोटांची सालटे निघण्याचा.

आता त्या वाक्याकडे येऊ. "हें काम तुमचें न्हय." म्हणजे कुणाचे? उत्तर आपल्याला न विचारताच ठाऊक असते, आणि दुखणे तिथेच आहे. गोव्यात कूळ कायदा १९६४ साली आला, मुंडकार कायदा १९७५ साली. भाटकारी जमिनीवरून बरीचशी उतरली, मनावरून उतरली नाही. आता गंमत अशी की कालच्या मुंडकाराचा शिकलेला नातूसुद्धा पहिली गाडी घेतो तेव्हा तोच भाटकारी तोरा घेतो : आपण व्हरांड्यात उभे राहायचे आणि खाली वाकणारा दुसरा हवा. हाताने करण्याचे काम म्हणजे हलके काम, आणि ते करणारी माणसे वेगळी; ही जातीची शिकवण आहे. ती सोवळ्यातून निघाली आणि सर्व्हिस सेंटरच्या वातानुकूलित दालनात येऊन बसली. तिथे काचेपलीकडे काम चालते आणि अलीकडे कॉफी मिळते. काच कशासाठी असते, कधी विचार केला आहे?

आणि हे सगळे कोणत्या भाषेत? गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार यांच्या भाषेत! आपल्या संतांची नावेच त्यांच्या हातातले काम सांगतात. मडके, मळा, ऐरण यांतून त्यांनी अध्यात्म सांगितले, कारण ते त्यांना बोटांनी माहीत होते. आपण त्यांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या करतो, आणि आपल्या साहित्यात गेल्या शंभर वर्षांत इंजिनातून आलेली एखादी प्रतिमा शोधायची तर दिवस मावळतो.

गोवेकरांनी तर हे आणखी नीट समजून घ्यावे. मराठीत पोर्तुगीजमधून आलेले शब्द आठवून बघा : मिस्त्री, चावी, बादली, घमेले, फीत, काज, पगार. यांतला एकही शब्द विद्वानांच्या परिषदेने ठरवला नाही. जहाजावर, बांधकामावर, शिंप्याच्या दुकानात काम करणाऱ्या हातांनी ते उचलले आणि भाषेत टाकले. आपला 'मेस्त' तिथूनच आला. आज त्यांना परके म्हणायची कोणाची छाती नाही. याउलट जे शब्द कार्यालयात बसून घडवले आणि ज्यांना हात लागला नाही, ते परिभाषा कोशात सुखाने झोपले आहेत. मी कोशांच्या विरुद्ध नाही. परिश्रमाने केलेली ती कामे आहेत. पण 'पुली'ला पर्यायी शब्द शोधण्याआधी निदान ती पुली फिरवून तरी बघावी. पाना, गोटी, पक्कड, आटे, आवळणे, ढिला, डुगडुगणे, खरखर. गॅरेजमध्ये मराठी मेलेली नाही, ठणठणीत आहे. आपण तिथे जात नाही म्हणून आपल्याला ती आजारी वाटते.

हे सगळे एकदा वेगळे होते, आणि इथून फार लांब नव्हते. चोर्ला घाट ओलांडला की बेळगाव. तिथे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर केले. नंतर त्यांना बेळगाव सोडावे लागले आणि औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या कारखान्याच्या बातम्या देण्यासाठी १९२० साली एक छोटे पत्रक निघाले, आणि त्यातूनच 'किर्लोस्कर' हे मराठीतले मातब्बर मासिक वाढले. नांगराच्या कारखान्याच्या पोटी साहित्याचे मासिक! म्हणजे मराठी वाचक आणि मराठी कारागीर एका अंगणात बसू शकत होते. आपण मासिकाच्या आठवणी काढतो आणि नांगर विसरतो. सीमाभागातल्या आपल्या बांधवांनी बेळगावसाठी पिढ्यान्पिढ्या लढा दिला, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्या बेळगावने मराठीला एक कारखानदारी वारसाही दिला होता, त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. तो नुसता उचलायचा आहे.

गोव्याच्या १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा केले आणि मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान दिले. त्या शब्दयोजनेवर आपण जवळजवळ चाळीस वर्षे भांडतो आहोत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण पेढे वाटले, मीही खाल्ले. दर्जा मिळाला, ठीक. आता ज्या भाषेला दोन हजार वर्षांचा वारसा आहे तिच्यात पट्ट्याचा ताण कसा बघायचा हे नीट लिहिलेले किती ठिकाणी सापडते? भाषा कायद्याने टिकत नाही आणि पेढ्यांनीही टिकत नाही. घरातली मुले ज्या कामाबद्दल ज्या भाषेत प्रश्न विचारतात, त्या कामापुरती ती भाषा टिकते. आजची मुले यंत्राबद्दलचे प्रश्न इंग्रजीत विचारतात, कारण ती विचारतात मोबाईलला. बापाला विचारत नाहीत, कारण बापाला माहीत नसते.

हे फक्त बापांबद्दल नाही. पाना धरायला मिशा लागत नाहीत. आयांनी आणि मुलींनी बॉनेट उघडावे. गाडी आज घराघरांत त्याही चालवतात, आणि गॅरेजमध्ये सर्वात जास्त टोपी त्यांनाच घातली जाते, ती केवळ 'तुम्हाला यातले काही कळणार नाही' या गृहीतकावर.

मराठी संस्थांच्या चालकांना माझी मागणी लहान आहे. पुढच्या संमेलनात 'मराठीचे भवितव्य' या परिसंवादाचा एक तास कमी करा आणि मंडपाबाहेर एक जुनी गाडी उभी करा. एखाद्या मेस्ताला वक्त्याचे मानधन आणि वक्त्याचीच शाल द्या. त्याने मराठीत, त्याला येईल तशा कोकणीमिश्रित मराठीत, पट्टा बदलून दाखवावा आणि समोरच्या प्रत्येकाने एकदा पुली फिरवून बघावी. त्याचे बोलणे टिपून घेऊन छापा. बहुतेक निबंधांपेक्षा ते अधिक वाचले जाईल, याची मी पैज लावतो.

आणि वाचकहो, तुमच्याकडे मागणी त्याहून लहान. पाऊस सुरू होण्याआधी एका सकाळी, इंजिन थंड असताना बॉनेट उघडा. पट्टा शोधा, त्याच्या पाठीवरचा आकडा वाचा, अंगठ्याने दाबून बघा. लगेच बदललाच पाहिजे असे नाही. शेजारी येऊन "का?" विचारील, तेव्हा त्याला "कसे" ते सांगा. मराठीत सांगा.